प्रश्न कुठल्या बाजूने येतो

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टर गावी, मेयो बंधूंच्या दवाखान्यात पेशंटची हकीगत जाडजूड वह्यांमध्ये लिहिली जायची. प्रत्येक डॉक्टरची वही वेगळी आणि नोंद तारखेप्रमाणे. आज आलेला माणूस आजच्या पानावर. दोन वर्षांनी पुन्हा आला तर तेव्हाच्या पानावर. मधल्या काळात दुसऱ्या डॉक्टरकडे गेला असेल तर त्या डॉक्टरच्या वहीत. लिहिणाऱ्याला हे सोयीचं होतं. वाचणाऱ्याला मात्र एकाच माणसाचं जुनं दुखणं कळायला चार वह्या चाळाव्या लागत.

डॉ. हेन्री प्लमर यांनी १९०७ मध्ये ही पद्धत मोडली. प्रत्येक पेशंटला एक क्रमांक दिला आणि त्या माणसाचे सगळे कागद त्या क्रमांकाखाली एकत्र ठेवायला सुरुवात केली. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, पण वैद्यकीय नोंदींच्या इतिहासातला हा मोठा टप्पा आहे. या कामात त्यांच्या सहकारी मेबल रूट यांचा वाटा मोठा होता, आणि त्यांच्यापुढे लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. कागद क्रमांकाने लावले तरी पेशंट क्रमांक सांगत येत नाही, नाव सांगत येतो. डॉक्टरला अनेकदा नावही नको असतं. ‘या विकाराचे आपल्याकडे आजवर आलेले सगळे पेशंट काढा’ असं तो म्हणतो. त्यावर उपाय म्हणजे सूच्या : नावांची वेगळी, निदानांची वेगळी, शस्त्रक्रियांची वेगळी. सूचीत हकीगत नसते, ती कुठे आहे याचा क्रमांक तेवढा असतो.

हॉस्पिटलच्या संगणकात आजही हेच चालतं. हकीगत एका जागी असते आणि तिच्यापर्यंत निरनिराळ्या बाजूंनी पोचवणाऱ्या नोंदी दुसऱ्या जागी असतात. या दुसऱ्या नोंदींना डेटाबेसच्या भाषेत क्रॉस-रेफरन्स किंवा इंडेक्स म्हणतात. त्या कधी कुणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. डॉक्टर नावाची तीन अक्षरं टाइप करतात, यादी समोर येते आणि काम पुढे सरकतं. पण जी माहिती विचारणाऱ्याच्या बाजूने सापडत नाही ती त्या क्षणापुरती नसल्यातच जमा असते, आणि दवाखान्यात तो क्षण फार महत्त्वाचा असतो. म्हणून या न दिसणाऱ्या नोंदी आतून कशा बनतात, कशा बिघडतात आणि बिघडल्यावर काय होतं, हे पाहायला हवं.

यासाठी मी ‘व्हिस्टा’ ही प्रणाली निवडली आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांची रुग्णालयं सांभाळणाऱ्या व्हेटरन्स अफेअर्स खात्याची ही प्रणाली. निवडीचं कारण साधं आहे. ती सरकारी पैशातून बनली आणि तिचा आज्ञावलीसंच सर्वांसाठी खुला आहे, त्यामुळे आत डोकावता येतं. दिल्लीच्या मॅक्स रुग्णालयांनी आणि जॉर्डनच्या ‘हकीम’ या सरकारी योजनेनेही तिचा आधार घेतला तो याच खुलेपणामुळे.

तिची मुळं बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आहेत. १९६६-६७ च्या सुमारास तिथे डॉ. ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेत नील पापालार्डो, कर्ट मार्बल आणि रॉबर्ट ग्रीन्स यांनी ‘मम्प्स’ नावाची संगणकभाषा तयार केली. दवाखान्याची माहिती कशी असते हे त्यांना जवळून ठाऊक होतं. एका पेशंटच्या दोनशे तपासण्या होतात, दुसऱ्याची एकही होत नाही. कुणाला पाच औषधांची ॲलर्जी, कुणाला कशाचीच नाही. अशी विरळ आणि उंचसखल माहिती ठरावीक रकान्यांच्या तक्त्यात कोंबण्याऐवजी त्यांनी ती फांद्या फुटत जाणाऱ्या रचनेत ठेवली : जेवढी माहिती, तेवढ्याच फांद्या. आणि एक गुण भाषेतच घातला. फांद्यांवरच्या किल्ल्या, म्हणजे फांदी ओळखायची नावं किंवा क्रमांक, आपोआप क्रमाने लागतात, आणि ‘याच्यापुढची किल्ली कोणती’ हा प्रश्न एका आज्ञेत विचारता येतो. पुढचं जवळजवळ सगळं या एका आज्ञेवर उभं आहे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस व्हेटरन्स खात्यातल्या काही प्रोग्रॅमरांनी, बऱ्याच वेळा वरिष्ठांचा विरोध पत्करून, रुग्णालयारुग्णालयांत या भाषेत कामं सुरू केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज टिमसन यांनी या साऱ्याच्या पायाशी असलेला ‘फाइलमॅन’ हा माहिती साठवणारा आणि शोधणारा प्रोग्रॅम लिहिला. १९८२ मध्ये खात्याने ही वाट अधिकृतपणे स्वीकारली.

आता एक नोंद जवळून पाहू. समजा, रॉबर्ट मिलर नावाचे माजी सैनिक पहिल्यांदा रुग्णालयात आले. फाइलमॅनमध्ये पेशंटांची फाइल क्रमांक २ आहे आणि ती ‘डीपीटी’ या नावाखाली साठवली जाते. मिलर यांना त्या फाइलमधला पुढचा मोकळा क्रमांक मिळाला, समजा ४१२७. मूळ नोंद साधारण अशी दिसेल (प्रत्यक्षात ती रोमन लिपीत असते) :

डीपीटी(४१२७, ०) = मिलर,रॉबर्ट ए ^ एम ^ २४७०३१२ ^ …

नाव, पुरुष असल्याची खूण, मग जन्मतारीख. ती विचित्र दिसते, कारण फाइलमॅन वर्षातून १७०० वजा करून लिहितो. १९४७ चे होतात २४७, पुढे महिना ०३, दिवस १२. याच ओळीत पुढे नऊ अंकी सोशल सिक्युरिटी क्रमांकही असतो.

ही ओळ लिहिली जाताच, त्याच क्षणी, आणखी काही ओळी लिहिल्या जातात. त्यातली पहिली :

डीपीटी(“बी”, “मिलर,रॉबर्ट ए”, ४१२७) = “”

या ओळीकडे जरा थांबून पाहावं असं मला वाटतं. बरोबरच्या चिन्हापुढे काहीच नाही. जी माहिती आहे ती सगळी डावीकडे, पत्त्यातच आहे. मूळ नोंद सांगते, ‘४१२७ म्हणजे मिलर’. ही ओळ सांगते, ‘मिलर म्हणजे ४१२७’. तेच सत्य उलट्या बाजूने लिहिलेलं. दुसरा कुणी रॉबर्ट ए. मिलर आला तर त्याचा क्रमांक याच नावाखाली दुसरी ओळ होऊन बसेल. नाव एकच असलं तरी ओळी दोन, कारण क्रमांक पत्त्याचा भाग आहे.

कारकुनाने ‘मिल’ एवढंच टाइप केलं की प्रणाली ‘बी’ सूचीत ‘मिल’च्या पुढची किल्ली विचारते, मग तिच्या पुढची, मग तिच्याही पुढची, किल्ली ‘मिल’ने सुरू होईनाशी झाली की थांबते. दहा लाख पेशंट असले तरी दहा लाख नोंदी वाचाव्या लागत नाहीत. डिस्कवरच्या एका ब्लॉकमध्ये शंभर किल्ल्या मावतात असं धरलं, तर पहिल्या ब्लॉकवरून शंभर ब्लॉकांपैकी योग्य तो सापडतो, त्यावरून पुढच्या शंभरांपैकी योग्य तो. शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर म्हणजे दहा लाख. तीन ब्लॉक वाचले की माणूस सापडला.

पण माणसं नुसत्या नावाने शोधत नाहीत. या रुग्णालयांत पूर्वापार सवय अशी की आडनावाचं पहिलं अक्षर आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक सांगायचे : ‘एम ४४१७’. म्हणून त्याचीही सूची आहे, तिचं नाव ‘बीएस५’. लाखभर पेशंटांच्या रुग्णालयात चार अंकांचे दहा हजार शेवट सरासरी दहा-दहा जणांत वाटले जाणार, आणि अक्षर जोडूनही काही जण एकमेकांवर येणारच. प्रणाली बनवणाऱ्यांना हे माहीत होतं. एखादा पेशंट निवडला आणि त्याचं आडनाव व शेवटचे चार अंक दुसऱ्या कुणाशी जुळत असले, तर पडद्यावर इशारा येतो : असाच आणखी एक जण आहे, नीट पाहा. तो इशाराही याच सूचीतून येतो. जी सूची घाईत शोधायला मदत करते, तीच घाईत होणारी गफलतही पकडते. मला हा या सगळ्या रचनेतला सर्वांत सुज्ञ भाग वाटतो.

सूचीच्या नावातल्या पहिल्या अक्षरालाही अर्थ आहे. ‘ए’ने सुरू होणाऱ्या सूच्या टाइप केलेला मजकूर शोधताना वापरल्या जात नाहीत, त्या अहवालांच्या आणि प्रोग्रॅमांच्या आतल्या कामासाठी. शोध ‘बी’पासून सुरू होतो आणि तिथून पुढच्या सूच्यांत जातो.

प्रत्येक सूचीला दोन आज्ञा जोडलेल्या असतात. मूल्य नव्याने लिहिलं की काय लिहायचं ही एक, आणि मूल्य बदललं किंवा खोडलं की काय पुसायचं ही दुसरी. लग्नानंतर एखादीने आडनाव बदललं तर आधी जुन्या नावाची ओळ पुसली जाते, मग नव्या नावाची लिहिली जाते. या आज्ञा फाइलमॅनच्या ‘डेटा डिक्शनरी’त, म्हणजे फाइलींचीच माहिती ठेवणाऱ्या फाइलीत, प्रत्येक फील्डखाली नोंदलेल्या असतात. त्यामुळे माहिती कुठल्याही पडद्यावरून भरली तरी आज्ञा तीच चालते. पण जुनं नाव पुसलं तर जुना केसपेपर हातात घेऊन आलेली बाई सापडायची कशी? त्यासाठी वेगळ्या प्रकारचा क्रॉस-रेफरन्स आहे, ‘निमोनिक’. पूर्वीचं किंवा टोपणनाव तो त्याच ‘बी’ सूचीत घालतो, फक्त ओळीच्या उजवीकडे रिकाम्या जागेऐवजी १ लिहितो. हे खरं नाव नाही, पण माणूस तोच, असा त्या एकाचा अर्थ.

नावाचं स्पेलिंगच चुकलं तर? फाइलमॅनमध्ये ‘साउंडेक्स’ प्रकारची सूचीही करता येते. रॉबर्ट रसेल आणि मार्गारेट ओडेल यांनी तयार केलेल्या या युक्तीची पेटंटं १९१८ आणि १९२२ मधली. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर सोडून द्यायचे, बाकीच्या व्यंजनांना उच्चाराच्या गटाप्रमाणे आकडे द्यायचे आणि पहिले तीन आकडे घ्यायचे. मग स्मिथ कसंही लिहिलं, आय घालून किंवा वाय घालून, संकेत एस५३० च येतो. ही युक्ती अमेरिकेतल्या आडनावांसाठी होती, आणि आपली नावं रोमन लिपीत लिहून त्यात घातली की तिच्या मर्यादा लगेच कळतात. ‘चव्हाण’ लिहिताना मधला एच घातला काय नि गाळला काय, संकेत सी१५० च. पण कुणी ते ‘चौहान’सारखं लिहिलं की होतं सी५००, आणि माणूस हातचा गेला. ‘वानखेडे’ची गोष्ट त्याहून वाईट. कुणी डब्ल्यूने लिहितं, कुणी व्हीने. साउंडेक्स पहिल्या अक्षराला हात लावत नाही, त्यामुळे एकाच वानखेड्यांचे डब्ल्यू५२३ आणि व्ही५२३ असे दोन वेगळे संकेत होतात. महाराष्ट्रात रोमन लिपीत नावं भरणाऱ्या कुठल्याही रुग्णालयाने परदेशी प्रणाली घेताना सगळ्यात आधी ही एवढी चाचणी करून पाहावी.

आणखीही प्रकार आहेत. लांब मजकुरातला प्रत्येक शब्द सुटा करून लावणारा, एका फील्डमधल्या बदलाने दुसऱ्या फाइलमधलं फील्ड बदलणारा, बदल झाला की कुणाला तरी संदेश धाडणारा. ते नोंदवून पुढे जातो, कारण वॉर्डची सूची यांहून जास्त बोलकी आहे.

मिलर भरती झाले की त्यांच्या नोंदीत वॉर्डचं नाव लिहिलं जातं आणि ‘सीएन’ या सूचीत ओळ पडते : वॉर्ड, आणि त्याखाली ४१२७. डिस्चार्ज मिळाला की वॉर्डचं नाव खोडलं जातं आणि ओळ पुसली जाते. रात्रपाळीची सिस्टर ‘माझ्या वॉर्डातले पेशंट’ म्हणून जी यादी उघडते ती हीच. प्रणाली त्या क्षणी सगळ्या पेशंटांच्या नोंदी तपासत बसत नाही. सूचीवर विश्वास ठेवते. आता कल्पना करा की पुसण्याची आज्ञा चाललीच नाही. घरी गेलेला माणूस यादीत राहील. ते खपून जाईल, सिस्टर रिकामी खाट पाहून ओळखेल. पण लिहिण्याची आज्ञा चुकली असेल तर खाटेवर माणूस आहे, मूळ नोंदीत त्याचा वॉर्ड बरोबर आहे, आणि यादीत तो नाही. यादीवरून औषध वाटणाऱ्याला त्याची आठवण कोण करून देणार? दोन्ही चुका तांत्रिकदृष्ट्या सारख्याच आहेत. माणसाच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सूचीखेरीज आणखी एक दुवा असतो, ‘पॉइंटर’. एका फाइलमधल्या नोंदीत दुसऱ्या फाइलमधल्या नोंदीचा क्रमांक लिहून ठेवायचा. प्रयोगशाळेचं उदाहरण घ्या. मिलर यांच्या रक्ततपासण्या पेशंटच्या फाइलीत नसतात, त्या ६३ क्रमांकाच्या फाइलीत असतात, आणि तिथे त्यांचा क्रमांक ४१२७ नसतो, वेगळाच असतो. असं का, हा प्रश्न साहजिक आहे. प्रयोगशाळेकडे येणारा प्रत्येक नमुना रुग्णालयाच्या पेशंटचाच असतो असं नाही. बाहेरून पाठवलेले नमुनेही येतात, आणि त्यांचा धनी पेशंटच्या फाइलीत नसतो. म्हणून प्रयोगशाळेने आपले क्रमांक स्वतंत्र ठेवले. मिलर यांच्या नोंदीत ‘एलआर’ या जागी त्यांचा प्रयोगशाळेतला क्रमांक असतो, आणि प्रयोगशाळेच्या नोंदीच्या पहिल्या ओळीत ‘मी फाइल २ मधल्या ४१२७ ची’ अशी उलट खूण. दोन्हीकडून एकमेकांकडे बोट. दोन बोटं एकाच रेषेत असली पाहिजेत. नसली तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर दिसू शकतो.

तपासण्यांच्या तारखाही उलट्या लिहिल्या जातात. १४ ऑगस्ट २००५ म्हणजे फाइलमॅनच्या रीतीने ३०५०८१४. ती ९९९९९९९ मधून वजा केली की ६९४९१८५. दुसऱ्या दिवसाची तारीख येते ६९४९१८४, म्हणजे एकाने लहान. किल्ल्या चढत्या क्रमाने लागत असल्याने सर्वांत नवी तपासणी आपोआप सर्वांत वर येते. डॉक्टरला पहिल्यांदा आजची साखर हवी असते, दहा वर्षांपूर्वीची नको असते. साध्या वजाबाकीने माहितीचा क्रमच वाचणाऱ्याच्या बाजूने वळवला.

आतापर्यंतचे सगळे प्रश्न एका माणसाबद्दलचे होते. मेबल रूट यांच्यापुढे आलेला दुसरा प्रश्न, म्हणजे आजाराकडून किंवा औषधाकडून माणसांकडे जाणारा, त्याहून अवघड आहे. ३० सप्टेंबर २००४ रोजी मर्क कंपनीने हृदयविकाराच्या धोक्यामुळे रोफेकॉक्सिब, म्हणजे ‘व्हायॉक्स’ हे वेदनाशामक जगभरातून मागे घेतलं. अशा दिवशी रुग्णालयाला विचारायचं असतं : आपल्याकडे हे औषध आत्ता कोण कोण घेतंय? माहिती पेशंटनिहाय साठवलेली असेल आणि दुसरी सूची नसेल, तर प्रत्येक पेशंटची औषधांची यादी उघडून पाहण्याशिवाय गत्यंतर नाही.

व्हिस्टामध्ये यावरचं उत्तर ‘क्लिनिकल रिमाइंडर्स’साठी, म्हणजे राहिलेल्या तपासण्यांची डॉक्टरांना आठवण करून देणाऱ्या सोयीसाठी, बनवलेल्या एका मोठ्या सूचीत आहे. तिथे प्रत्येक घटना दोनदा लिहिलेली असते. ‘पीआय’ या फांदीवर आधी पेशंट, मग तपासणी किंवा औषध, मग तारीख. ‘आयपी’ या फांदीवर आधी तपासणी किंवा औषध, मग पेशंट, मग तारीख. ‘मिलर यांची शेवटची एचबीएवनसी (मधुमेहाची रक्ततपासणी) कधी झाली’ हा प्रश्न पहिल्या फांदीवर सुटतो, ‘गेल्या वर्षभरात एचबीएवनसी कुणाकुणाची झाली’ हा दुसऱ्या. मधुमेहींच्या यादीतून ही दुसरी यादी वजा केली की तपासणी राहून गेलेले लोक समोर येतात. जागा दुप्पट लागते, लिहायला वेळही जास्त लागतो. पण ज्या रुग्णालयाला आपल्या मधुमेहींपैकी कुणाकडे दुर्लक्ष झालंय हे विचारता येत नाही, ते रुग्णालय दारात आलेल्याच माणसाचा विचार करत राहतं. कुठल्या सूच्या ठेवायच्या हे ठरवताना कुणाबद्दल विचारायचं हेच ठरत असतं. हा निर्णय एकट्या प्रोग्रॅमरवर सोडू नये असं माझं ठाम मत आहे.

सूच्या बिघडतात कशा? सर्वांत सामान्य कारण म्हणजे कुणीतरी वाट सोडून आत शिरतं. मम्प्समध्ये प्रोग्रॅमरला मूळ ओळ थेट बदलता येते, फाइलमॅनला न विचारता. घाईच्या वेळी मोह होतो. नाव दुरुस्त होतं, पण जुन्या नावाची ओळ पुसणारी आणि नव्याची लिहिणारी आज्ञा चालत नाही. आता मूळ नोंदीत नवं नाव, सूचीत जुनं. नवं नाव टाइप करणाऱ्याला ‘असा पेशंट नाही’ असं उत्तर मिळतं, आणि तो चांगल्या हेतूने नवी नोंद उघडतो. एकाचे दोन पेशंट झाले. ॲलर्जी एका नोंदीत, आजची औषधं दुसऱ्या नोंदीत.

नोंद खोडतानाही असंच. फाइलमॅनमध्ये एखादी नोंद काढून टाकली की तो विचारतो, इतर फाइलींतून हिच्याकडे पॉइंटर असू शकतात, तेही दुरुस्त करू का? सोबत बजावतो की याला बराच वेळ लागू शकेल. ‘नको’ म्हणणाऱ्याचा वेळ वाचतो आणि कुठेतरी नसलेल्या नोंदीकडे बोट दाखवणारे क्रमांक शिल्लक राहतात.

मूळ नोंदी शाबूत असतील तर सूची पुन्हा बांधता येते. सगळ्या ओळी पुसायच्या आणि प्रत्येक नोंदीवरून लिहिण्याची आज्ञा परत चालवायची. मात्र हे भर दुपारी, ओपीडी चालू असताना करायचं काम नाही. पुसल्यापासून पुन्हा लिहून होईपर्यंत सूची अर्धवट असते, आणि त्या वेळात शोधणाऱ्याला पेशंट ‘नाही’ असंच दिसतं. मघाशी सांगितलेल्या दुहेरी नोंदी अशाही जन्माला येऊ शकतात.

दुहेरी नोंदी एकत्र करण्याची रीत व्हिस्टाने विचारपूर्वक ठेवली आहे. दोन नोंदी मिसळल्यावर बाद झालेली नोंद पूर्ण नाहीशी करत नाहीत. तिच्या जागी ‘-९’ या किल्लीखाली राहिलेल्या नोंदीचा क्रमांक लिहून ठेवतात. जुना क्रमांक धरून कुणी प्रोग्रॅम आला तर त्याला पुढचा पत्ता मिळतो.

रुग्णालय एकच असतं तर एवढ्यावर भागलं असतं. पण या खात्याकडे व्हिस्टाच्या सुमारे १३० स्वतंत्र प्रती होत्या आणि प्रत्येकीत क्रमांक आपापले. ४१२७ म्हणजे इथे मिलर, तर दुसऱ्या शहरात भलताच कुणी. म्हणून सगळ्यांच्या वर एक मध्यवर्ती पेशंट-सूची आली. ती प्रत्येकाला देशभरात एकमेव असा क्रमांक देते : दहा अंक, मग ‘व्ही’ हे अक्षर, मग पडताळणीचे सहा अंक. त्यासोबत हा माणूस कुठल्या कुठल्या रुग्णालयांत गेला आहे याची यादी. २००५ च्या ऑगस्टअखेर कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं आणि तिथले पेशंट राज्याबाहेर पांगले, तेव्हा जिथे जातील तिथल्या डॉक्टरांना त्यांच्या नोंदी संगणकावर मिळू शकल्या. भिजलेल्या कागदी केसपेपरांनी हे शक्य झालं नसतं. भारतात २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला चौदा अंकी आभा क्रमांक हेच काम करण्यासाठी आहे : वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या नोंदी एका माणसाच्या आहेत हे सांगणं. क्रमांक काढणं हा त्यातला सोपा भाग. दवाखान्यातली जुनी नोंद त्याला बिनचूक जोडणं हेच खरं कष्टाचं काम आहे, आणि ते नोंदणीच्या खिडकीवर बसलेल्या माणसाच्या हातून होतं.

व्हिस्टाची जागा घेण्यासाठी खात्याने २०१८ मध्ये सर्नर कंपनीशी करार केला. नवी प्रणाली पहिल्यांदा वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन इथल्या मॅन-ग्रँडस्टाफ वैद्यकीय केंद्रात २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. खात्याच्या महानिरीक्षकांनी जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तिथे काय घडलं ते आहे. डॉक्टर पडद्यावर ऑर्डर देत : अमुक तज्ज्ञाकडे पाठवा, अमुक तपासणी करा. ऑर्डर कुठे जायची ते ठिकाण प्रणालीला जुळवता आलं नाही तर ती एका ‘अननोन क्यू’त, म्हणजे अनोळखी रांगेत, जाऊन पडे. डॉक्टरला इशारा मिळत नसे. त्याच्या लेखी ऑर्डर गेलेली असे. ऑक्टोबर २०२० ते जून २०२१ या काळात अशा अकरा हजारांहून अधिक ऑर्डरी त्या रांगेत गेल्या, आणि खात्याच्याच पडताळणीत पेशंटांना त्यामुळे इजा झाल्याच्या १४९ घटना आढळल्या.

तुटलेला दुवा म्हणतात तो हाच. फाइलमॅनच्या जुन्या टर्मिनलवर पॉइंटरच्या फील्डमध्ये समोरच्या फाइलीत नसलेलं नाव टाइप केलं, तर तो दोन प्रश्नचिन्हं दाखवून तिथेच अडून बसायचा. बरोबर नाव दिल्याशिवाय किंवा ते फील्ड सोडून दिल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. वापरणारे वैतागत. पण चूक करणाऱ्याला ती त्याच मिनिटाला, त्याच खुर्चीत कळायची. नवी प्रणाली विकत घेणाऱ्या रुग्णालयाने विक्रेत्याला रंगीत पडद्यांविषयी विचारण्याआधी हे विचारावं : ज्या ऑर्डरीला जायला जागा सापडत नाही, ती तुमच्याकडे कुठे जाते, आणि ती तिथे पडली आहे हे कुणाला, किती वेळात कळतं?